मृगातला तेजोमेघ: आधी डोळ्याने बघा, मग गाभा न जाळता फोटो काढा

डीप स्काय म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका अशा दूरच्या वस्तूंचे फोटो काढायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला फोटो मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा म्हणजे एम४२ चा असतो, आणि त्या पहिल्या फोटोत मधोमध एक पांढराफटक डाग असतो. माझ्याही फोटोत होता. दोन-दोन मिनिटांच्या नव्वद फ्रेम घेतल्या होत्या, तीन तासांचं काम, बाहेरचे पंख इतके सुंदर आले की मी हरखून गेले आणि मग गाभ्यात झूम केलं तर तिथे काहीच नाही. ज्या ताऱ्यांमुळे हा सगळा ढग पेटलाय तेच फोटोत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये खूप खटपट केली पण सेन्सर भरून गेल्यावर खालचा तपशील नोंदलाच जात नाही, तो नंतर कुठून आणणार.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी टेलिस्कोपच्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, नीट बघायचं, कागदावर चित्र काढायचं, कॅमेरा त्यानंतर. कारण या तेजोमेघाचा गाभा आणि कडा यांच्या तेजात प्रचंड फरक आहे, आपला डोळा गाभ्यातले चार तारे आणि शेजारचा धूसर ढग एकाच वेळी दाखवतो, पण कॅमेऱ्याच्या कुठल्याही एका एक्स्पोजरमध्ये हे सगळं मावत नाही. मग फोटोत काय राखायचं हे डोळ्याने बघितल्याशिवाय कळणार कसं? म्हणून या लेखात बघण्यालाही तेवढीच जागा दिलीये, ते सोडून थेट सेटिंग्जवर उडी मारू नका.

बघतोय ते नक्की काय

आपल्यापासून साधारण १,३५० प्रकाशवर्षांवर वायू आणि धुळीचा एक अवाढव्य थंड ढग आहे, आणि त्या ढगाच्या आपल्याकडच्या बाजूला नवीन जन्मलेल्या ताऱ्यांनी एक खळगा पाडलाय, त्या खळग्याच्या पेटलेल्या भिंती म्हणजे एम४२. रुंदी साधारण २४ प्रकाशवर्षं. मध्यभागी ट्रॅपिझियम नावाचा चौकडा आहे आणि त्यातला सगळ्यात तेजस्वी तारा, थीटा-१ सी, सूर्याच्या तीसपटीहून जास्त वजनाचा आणि भयंकर तापलेला. त्याच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन सुटतात, ते पुन्हा जोडले जाताना प्रकाश बाहेर पडतो, त्यातली फोटोत भाव खाऊन जाणारी लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरची, तिला एच-अल्फा म्हणतात. म्हणजे हा ढग दुसऱ्याचा प्रकाश परावर्तित करून चमकत नाही, स्वतः प्रकाश देतो, म्हणून उत्सर्जन तेजोमेघ. हबल अवकाश दुर्बिणीने इथे कोवळ्या ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या शंभरावर संख्येने टिपल्या आहेत, ग्रह अशाच चकत्यांमधून बनतात.

आता रंगाचं बघू, कारण फोटो बघून मग टेलिस्कोपला डोळा लावणाऱ्यांची सगळ्यात मोठी निराशा इथेच होते. लाल काहीच दिसत नाही. दिसतो तो राखाडी, आणि टेलिस्कोप जरा मोठा असेल तर हिरवट. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी बघतो त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त संवेदनशील असतात आणि ६५६ ला जवळपास आंधळ्या. आणि या तेजोमेघात ५००.७ नॅनोमीटरला एक जोरदार हिरवी रेषा आहे. विल्यम हगिन्स यांनी १८६४-६५ च्या सुमारास तेजोमेघांचे वर्णपट बघितले तेव्हा ही रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लोकांनी नेब्युलियम नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला की हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजनच आहे, फक्त वायू इतका विरळ हवा की अणूंची टक्कर क्वचितच व्हावी, आणि तेवढी विरळ स्थिती तेव्हा प्रयोगशाळेत मिळत नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी प्रोसेसिंगमध्ये तिचा थेट उपयोग आहे.

शोधायचा कसा आणि कधी

मृगाचे चार पाय आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, हे तर माहीत असतंच. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध येतो, दुसऱ्या बाजूला रोहिणी. बाणाच्या जवळच, दक्षिणेकडे, तीन अंधुक ठिपक्यांची एक छोटी रांग आहे, तिच्यातला मधला ठिपका बाकीच्यांसारखा टोकदार नाही, पुसट आहे. तोच आपला. मृग पूर्वेला उगवत असताना उत्तर गोलार्धातून बाण जवळपास उभा दिसतो आणि ही रांग त्याच्या उजवीकडे असते, डोक्यावर आल्यावर ती बाणाखाली लटकते, दक्षिण गोलार्धातून मात्र बाणाच्या वर दिसते. खगोलीय विषुववृत्तापासून हा तेजोमेघ फक्त पाच-साडेपाच अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे पृथ्वीवर माणसं राहतात तिथून जवळजवळ सगळीकडून दिसतो.

डिसेंबरच्या मध्यावर तो मध्यरात्री सगळ्यात उंच असतो, मग दर महिन्याला दोन तास अलीकडे सरकतो, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर रात्री दहाला आणि फेब्रुवारीत आठला. जुलैअखेर पहाटे पूर्वेला दिसायला लागतो. फोटोसाठी निदान ३० अंश उंचीवर असताना काम करा, खाली असताना हवेच्या जाड थरातून प्रकाश येतो आणि तारे फुगतात. चंद्राचं म्हणाल तर अमावस्येच्या आगेमागे आठवडाभर उत्तम, ट्रॅपिझियम बघायला मात्र चंद्र असला तरी काही बिघडत नाही.

डोळ्याने बघताना

बाहेर आल्या आल्या आयपीसला डोळा लावू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलचा स्क्रीन एकदा बघितला की ती सगळी मेहनत वाया. मंद लाल टॉर्च ठेवा, मोबाइल खिशात. तेवढा वेळ टेलिस्कोपही बाहेरच्या तापमानाला येत असतो, तेही लागतंच.

आधी बायनॉक्युलर. १०×५० मध्ये ती तीन ठिपक्यांची अख्खी रांग एकाच दृश्यात मावते आणि मधला ठिपका ढगासारखा पसरलेला दिसतो, पंख उघडल्यासारखा. कोपर भिंतीला किंवा खुर्चीच्या हाताला टेकवा, हात हलायचे थांबले की दुप्पट दिसतं हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

मग टेलिस्कोप. समजा २०० मिमीचा एफ/६ डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप) आहे, म्हणजे फोकल लेंथ १,२०० मिमी. २५ मिमी आयपीस लावला तर ४८ पट मोठं दिसतं आणि डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत, म्हणजे एक्झिट प्युपिल, २५ भागिले ६ म्हणजे सव्वाचार मिमीच्या आसपास येतो. पूर्ण ढग बघायला हे फार छान. याच दृश्यात दोन्ही पंख, त्यांच्यामध्ये गाभ्याकडे घुसलेली काळी खाच जिला माशाचं तोंड म्हणतात, आणि त्या खाचेच्या पलीकडे एम४३ हा वेगळा छोटासा ढग, एवढं तरी शोधाच. ती खाच म्हणजे रिकामी जागा नाही, ती समोर आलेली धूळ आहे, आणि गाभ्याजवळ तिची कड इतकी रेखीव आहे की चांगल्या हवेत ती कापल्यासारखी दिसते.

अंधुक भागासाठी तिरकी नजर वापरायची. थेट न बघता थोडं बाजूला बघायचं पण लक्ष मात्र वस्तूवर. कुठल्या बाजूला बघायचं यालाही नियम आहे, उजव्या डोळ्याने बघत असाल तर नजर वस्तूच्या थोडी उजवीकडे न्या, डाव्या डोळ्याने बघत असाल तर डावीकडे, उलट केलंत तर वस्तू डोळ्याच्या अंध बिंदूवर जाऊन पडू शकते आणि दिसणारं पण गायब होतं. ट्यूबला बोटाने हलकी टिचकी मारा, हलणारा अंधुक ढग डोळा जास्त पटकन पकडतो.

आता १० मिमी आयपीस लावा, १२० पट. ट्रॅपिझियमचे चार तारे (ए, बी, सी, डी) सुटे दिसतील, खरंतर हवा स्थिर असेल तर ४० पटीलाही सुटतात. १६१७ मध्ये गॅलिलिओने यातले तीन तारे चित्रात नोंदवले, पण ढगाचा उल्लेख केला नाही. चौथा तारा मानाने मंद आहे. चौघांपलीकडे ई आणि एफ अशी दोन नावं ऐकाल, ते ११ व्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आसपासचे आहेत आणि अडचण मंदपणाची नसून शेजारच्या झगमगाटाची आहे, एफ तर थेट सीच्या तेजात बुडालेला असतो. १५० ते २०० पट, स्थिर हवा, आणि संयम. एखाद्या क्षणी हवा थांबते, तारा टोकदार होतो आणि ई टपकन दिसून जातो, मग परत दहा मिनिटं काही नाही. मला वाटतं या तेजोमेघातला सगळ्यात मोठा आनंद तोच आहे. आणखी एक, चौघांपैकी ए हा तारा दर ६५.४ दिवसांनी ग्रहणामुळे मंद होतो, जवळपास एका प्रतीने, आणि काही तासांनी पुन्हा पहिल्यासारखा. तुमच्या वहीत प्रत्येक वेळी ए आणि डी यांच्यात जास्त तेजस्वी कोण वाटला हे लिहून ठेवा, एरवी दोघं जवळपास सारखे असतात.

फिल्टरबद्दल नेहमी विचारतात. शहराच्या उजेडातून बघत असाल तर यूएचसी किंवा ओ-थ्री फिल्टरने पंख बरेच लांबपर्यंत दिसतात, कारण ती हिरवी रेषा आत येते आणि दिव्यांचा उजेड अडतो. ट्रॅपिझियम आणि खाचेची कड मात्र फिल्टर काढूनच बघा.

आणि चित्र काढा, प्लीज. चित्रकला यायला हवी असं काही नाही. पांढऱ्या कागदावर पेन्सिलने उलटं काढायचं, जितकं उजळ तितकं गडद, आधी तारे मांडायचे मग बोटाने ढग पसरवायचा. तीन गोष्टी नक्की लिहा: सगळ्यात उजळ भाग कुठला, तो कुठल्या बाजूला झपकन संपतो आणि कुठल्या बाजूला हळूहळू विरतो, आणि ट्रॅपिझियम त्या उजेडात कुठे बसलाय. हा कागद प्रोसेसिंगच्या वेळी लॅपटॉपशेजारी ठेवायचा आहे.

नुसत्या ट्रायपॉडवर

ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही म्हणून थांबू नका, हा तेजोमेघ एवढा तेजस्वी आहे की साध्या ट्रायपॉडवरही येतो. अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं आणि एम४२ विषुववृत्ताजवळ असल्यामुळे त्याला जवळपास पूर्ण वेग मिळतो, ध्रुवताऱ्याजवळच्या वस्तूंसारखी सवलत नाही. एक पिक्सेल किती आकाश बघतो हे काढायला २०६ गुणिले पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंथ मिमीमध्ये. ४ मायक्रॉन पिक्सेल आणि १३५ मिमी लेन्स असेल तर ६ आर्कसेकंद. दीड सेकंदात तारा २२ आर्कसेकंद सरकला म्हणजे साडेतीन-चार पिक्सेल, पूर्ण फोटो बघताना चालून जातं. जुना ५०० चा नियम आजच्या बारीक पिक्सेलला ढिला पडतो, मी ३०० धरते, म्हणजे ३०० भागिले फोकल लेंथ इतके सेकंद, आणि क्रॉप सेन्सर असेल तर आणखी भागिले दीड.

तर १३५ मिमी, एफ/२.८, आयएसओ १६००, दीड सेकंद, आणि अशा ५०० ते ६०० फ्रेम. रॉमध्येच, जेपेग नको. रिमोट किंवा इंटरव्हलोमीटर लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, कॅमेऱ्याचं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनपण बंद, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून बसतो. दर पाच मिनिटांनी तेजोमेघ परत मध्यभागी आणा. ६०० फ्रेमचे जेमतेम १५ मिनिटं प्रकाश होतो पण त्यात पंख, एम४३ आणि गुलाबी रंग एवढं सगळं येतं, आणि एक्स्पोजर छोटं असल्यामुळे गाभा फारसा जळत नाही, हा ट्रायपॉडवाल्यांचा फायदाच आहे.

मोबाइलवाल्यांनी आयपीसला मोबाइल अॅडॉप्टरने घट्ट बसवावा, प्रो मोडमध्ये फोकस हाताने ठेवावा आणि टायमर लावावा. ट्रॅपिझियम आणि आसपासचा हिरवट ढग मोबाइलवर सुंदर येतो.

ट्रॅकर किंवा इक्विटोरियल माउंट असेल तर

२०० ते ५०० मिमी फोकल लेंथ आदर्श. ४०० मिमीवर क्रॉप सेन्सरला साधारण ३.४ बाय २.२ अंश दिसतं, त्यात एम४२, एम४३ आणि वरचा रनिंग मॅन हा निळसर तेजोमेघ, सगळं ऐसपैस बसतं. रनिंग मॅनमधला निळा प्रकाश धुळीवरून परावर्तित झालेला आहे, त्यामुळे शहरात वापरतात तो ड्युअल बँड फिल्टर लावलात तर हा जवळपास मरतो. उजेड फार असेल तर फिल्टर लावा, पण मग निळ्याची आशा सोडायची. कॅमेरा साधा असेल, म्हणजे त्याचा आतला फिल्टर बदललेला नसेल, तर एच-अल्फाचा मोठा भाग आतच अडतो, तरी एम४२ ला काही फार फरक पडत नाही कारण तो मुळात दणदणीत आहे आणि त्याच्यात लालबरोबर हिरवा-निळाही भरपूर आहे.

पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं, नीट करा, घाईने केलेलं अलाइनमेंट नंतर प्रत्येक फ्रेममध्ये दिसतं. सगळं वजन लावून, बॅलन्स करून मगच अलाइन करा, आधी अलाइन करून मग कॅमेरा लावला की ट्रायपॉड दबतो आणि केलेलं वाया. फोकससाठी राजन्य म्हणजे रायजेलवर जा, बाहटिनोव्ह मास्क (खाचा पाडलेलं झाकण, ज्याने ताऱ्यावर तीन रेघा दिसतात) लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट झूम करून मधली रेघ बाकीच्या दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये आणा, आणि मास्क काढायला विसरू नका. तापमान उतरलं की फोकस सरकतो, दर तासाला तपासा. दव हा या कामातला गुपचूप येणारा शत्रू आहे, लेन्सवर पातळ धुकं चढतं आणि आपल्याला वाटतं आकाश खराब झालं, म्हणून हीटरचा पट्टा सुरुवातीपासूनच लावा, दव पडल्यावर नको.

आता एक्स्पोजर, इथे सगळी गंमत आहे. एकच सेटिंग लावून झोपायला जायचं नाही, तीन संच घ्यायचे. एफ/५ आणि आयएसओ ८०० धरून मी असे घेते:

लांब संच १२० सेकंदांच्या ४० ते ६० फ्रेम, बाहेरच्या पंखांसाठी आणि धुळीसाठी.
मधला संच २० सेकंदांच्या ३० फ्रेम, आतल्या पाकळ्यांसाठी.
छोटा संच ३ सेकंदांच्या ४० फ्रेम, ट्रॅपिझियमसाठी.

हे आकडे डोळे झाकून वापरू नका, तुमच्या आकाशाप्रमाणे बदला. लांब संचात हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडून एक चतुर्थांश ते एक तृतीयांशवर यायला हवा, शहरात तो ३० सेकंदांतच तिथे पोचेल, मग ३० सेकंदांच्या जास्त फ्रेम घ्या. छोट्या संचाची कसोटी वेगळी. स्क्रीनवर गाभ्यात पूर्ण झूम करा आणि बघा की ट्रॅपिझियमचे चार तारे सुटे आहेत का आणि त्यांच्याभोवतीच्या ढगात रंग शिल्लक आहे का. ढग पांढरा पडला असेल तर एक्स्पोजर अर्धा करा, परत बघा. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही हिस्टोग्राम दिसत असतील तर तिन्ही बघा, कारण एखादाच चॅनेल भरून गेला तरी रंग चुकतो आणि एकत्र हिस्टोग्रामवर ते कळत नाही.

छोटा संच सगळ्यात आधी घ्या असं मी आवर्जून सांगते, एकूण दोन मिनिटांचा प्रकाश आहे, आणि पुढे ढग आले, बॅटरी संपली काहीही झालं तरी गाभा आपल्याकडे राहतो. उलट केलं की छोटा संच दर वेळी उद्यावर जातो.

फ्रेमच्या मध्ये दर दोन-तीन फ्रेमनंतर नेम थोडा हलवा, याला डिदरिंग म्हणतात, काही पिक्सेल पुरेत. त्यामुळे सेन्सरचे गरम पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतात आणि स्टॅक करताना, म्हणजे फ्रेम एकावर एक जोडताना, गळून जातात.

कॅलिब्रेशन फ्रेमचा कंटाळा करू नका. डार्क म्हणजे झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरच्या, तेवढ्याच आयएसओच्या आणि साधारण त्याच तापमानाच्या २०-३० फ्रेम. बायस म्हणजे झाकण लावून सगळ्यात वेगवान शटरने ५० फ्रेम. आणि फ्लॅट, ज्याच्याशिवाय बाहेरची धूळ कधीच स्वच्छ येणार नाही: लेन्सवर पांढरा कापड ताणून, पहाटेच्या एकसारख्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या स्क्रीनकडे धरून, हिस्टोग्राम मधोमध येईल अशा ३० फ्रेम. फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन अजिबात हलवायचा नाही, त्यामुळे सामान आवरायच्या आधीच फ्लॅट घ्या.

स्टॅकिंग

सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर, दोन्ही फुकट आहेत. तीन संच वेगवेगळे स्टॅक करायचे, एकत्र टाकायचे नाहीत. आधी प्रत्येक फ्रेम डोळ्याखालून घाला, ढग आलेल्या आणि तारे लांबलेल्या फ्रेम काढून टाका. सिग्मा क्लिपिंग (बाकीच्या फ्रेमपेक्षा फार वेगळे पडणारे पिक्सेल वगळायची पद्धत) वापरा, त्याने उपग्रहांच्या आणि विमानांच्या रेघा जातात, पण त्यासाठी प्रत्येक संचात निदान पंधरा-वीस फ्रेम हव्यात. फ्रेम चौपट केल्या की नॉइज निम्मा होतो, हा हिशोब लक्षात असला की एका रात्रीत किती सुधारणा शक्य आहे याचा अंदाज येतो. तिन्ही स्टॅक झाले की लांब संच आधार धरून बाकीचे दोन त्याच्यावर अलाइन करा, पिक्सेलला पिक्सेल जुळायला हवा.

आजच्या या सोयीकडे बघताना मला हेन्री ड्रेपर आठवतात. ३० सप्टेंबर १८८० ला त्यांनी ११ इंची टेलिस्कोपने ५१ मिनिटं एक्स्पोजर देऊन याच तेजोमेघाचा फोटो काढला, कुठल्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन यांच्या ३६ इंची आरशाने घेतलेल्या फोटोत असे तारे उमटले जे त्या टेलिस्कोपमधून डोळ्याला दिसत नव्हते, आणि फोटो हे खगोलशास्त्राचं खरं साधन आहे हे त्यानंतर कोणाला पटवून द्यावं लागलं नाही.

प्रोसेसिंग, आणि तो कागद

प्रत्येक स्टॅकवर आधी कडा क्रॉप करा, मग ग्रेडियंट (पार्श्वभूमीच्या उजेडाचा एका बाजूला वाढणारा उतार) काढा. ग्रेडियंट काढताना नमुन्याचे बिंदू फार जपून टाका. या भागात सगळीकडे धूळ आहे, सॉफ्टवेअर तिलाच प्रकाश प्रदूषण समजून पुसून टाकतं, म्हणून आपोआप टाकलेले बिंदू काढून कोपऱ्यांजवळ मोजकेच ठेवा. मग ताऱ्यांच्या आधाराने कलर कॅलिब्रेशन, आणि मग स्ट्रेच, म्हणजे अंधुक भाग ताणून उजळ करणं. लांब संच धूळ दिसेपर्यंत ताणा, गाभा जळला तरी चालेल, तो आपण वापरणारच नाही. मधला आणि छोटा संच हळुवार.

आता गिंप या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तीन लेयर. सगळ्यात खाली छोटा, त्याच्यावर मधला, सगळ्यात वर लांब. मधल्या आणि लांब लेयरला मास्क द्या, मास्कमध्ये त्याच लेयरची कृष्णधवल प्रत टाका, ती उलटी करा म्हणजे उजळ भाग काळा होईल, आणि ३० ते ५० पिक्सेल ब्लर करा. झालं असं की जिथे लांब संच जळलाय तिथे मास्क काळा आहे, तिथून मधला डोकावतो, आणि मधला जिथे जळलाय तिथून छोटा. ब्लर कमी पडला तर जोडाच्या ठिकाणी कड दिसते, जास्त झाला तर गाभ्याभोवती प्रभा येते, दोन-चार वेळा करून बघावं लागतं.

इथे तो कागद समोर धरा. तीन संच जोडताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गाभा आजूबाजूपेक्षा काळवंडतो, राखाडी खड्डा पडल्यासारखा, तपशील सगळे दिसतात पण उजेड गेलेला असतो. डोळ्याने बघितलं तेव्हा ट्रॅपिझियमच्या भोवतीचा भाग पूर्ण दृश्यात सगळ्यात उजळ होता, फोटोतही तो सगळ्यात उजळच राहायला हवा, फक्त पांढरा पडायला नको. छोट्या लेयरचा ब्राइटनेस वाढवत न्या, जोपर्यंत चित्रातला उतार, कुठे झपकन संपतो कुठे विरतो तो, फोटोत जुळत नाही तोपर्यंत.

आणि हिरवा रंग. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हिरवा नॉइज काढायचं बटण असतं आणि बहुतेक जण ते डोळे मिटून पूर्ण जोरात दाबतात, त्यामुळे सगळा तेजोमेघ गुलाबी-जांभळा होऊन बसतो. पण गाभ्यातली हिरवट छटा नॉइज नाही, ती बोवेन यांनी उलगडलेली ऑक्सिजनची रेषा आहे, आणि आयपीसमध्ये तुम्ही तीच बघितली होती. गाभ्यावर मास्क लावून ते बटण फक्त बाहेरच्या आकाशावर वापरा.

शार्पनिंग फक्त गाभ्यात आणि माशाच्या तोंडाच्या कडेला, नॉइज रिडक्शन फक्त बाहेरच्या अंधुक भागात. पार्श्वभूमी पूर्ण काळी करू नका, तिथेही धूळ आहे.

फाइल ठेवताना तिन्ही संचांचे स्टॅक, ताणलेले नाही तर जसेच्या तसे, ३२ बिटमध्ये ठेवा, आणि त्यांच्या नावात तारीख, एक्स्पोजर आणि फोकल लेंथ लिहा. कच्च्या फ्रेम आणि त्यांच्या डार्क-फ्लॅटपण त्याच फोल्डरमध्ये. छोटा आणि मधला संच एकदा चांगला मिळाला की तीच लेन्स असेपर्यंत परत घ्यायची गरज नाही, पुढच्या मोसमात सगळा वेळ लांब संचालाच द्या आणि जुन्या फ्रेमबरोबर स्टॅक करा, एम४३ च्या बाजूची ती तपकिरी धूळ पाच-सहा तासांच्या पुढेच नीट वर येते.